मागची खिडकी आणि शेजारधर्म

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या परिसरातील पाचसहा ख्रिस्ती कुटुंबे एका घरी स्नेहभोजनासाठी जमली होती. कुंडल आणि किर्लोस्करवाडीच्या टापूत आमची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मिस्सासाठी दूर जावे लागते, त्यामुळे असे एकत्र येण्याचे मोल अधिक. भोजनानंतर तरुण मंडळींनी आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' हा १९५४ सालचा गाजलेला चित्रपट लावला. लहानथोर सारेच त्यात रंगून गेले. शेवटी खुनी सापडला आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हा आमच्यातील एक सद्गृहस्थ म्हणाले, "असा एक जागरूक माणूस प्रत्येक गल्लीत असता, तर गुन्हे घडलेच नसते. शेजारधर्म म्हणतात तो हाच." बहुतेकांनी माना डोलावल्या. एकाने तर आपल्या घरावर नुकत्याच बसविलेल्या कॅमेऱ्याचे समोरच्या तीन घरांची दारे टिपणारे चित्र भ्रमणध्वनीवर कौतुकाने दाखविले.

त्या रात्री मी गप्प राहिलो. यजमानांच्या घरी वाद नको, असे मनाशी म्हटले. परंतु ते मत मला केवळ चुकीचे नव्हे, तर घातक वाटते. आणि ते ख्रिस्ती कुटुंबांत इतक्या सहजपणे मान्य व्हावे याचा मला खेद वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच. तो दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी नाही. मला का बोलावेसे वाटले ते पुढे येईलच.

प्रथम चित्रपटाविषयी. जेफरीज नावाचा छायाचित्रकार पाय मोडून न्यूयॉर्कमधील आपल्या खोलीत अडकून पडला आहे. उन्हाळा कडक असल्यामुळे साऱ्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. वेळ जात नाही म्हणून तो मागच्या खिडकीतून अंगणापलीकडच्या घरांत पाहू लागतो. कुठे एकाकी प्रौढ स्त्री आहे, कुठे संगीतकार, कुठे नवविवाहित जोडपे, तर कुठे आजारी पत्नीशी सतत खटके उडणारा फिरता विक्रेता. एका रात्रीनंतर विक्रेत्याची पत्नी दिसेनाशी होते. विक्रेता पावसात पेटी घेऊन पुनःपुन्हा बाहेर जातो. जेफरीजच्या मनात संशय शिरतो आणि मग साध्या डोळ्यांच्या जागी दुर्बीण येते, दुर्बिणीच्या जागी लांब पल्ल्याची कॅमेऱ्याची नळी येते. अखेरीस संशय खरा ठरतो.

आपण सारे येथेच फसतो. संशय खरा ठरला, म्हणून पाहणेही योग्य ठरले, असे आपण मानून घेतो. पण क्षणभर कल्पना करा, की ती पत्नी खरोखरच गावी गेली होती. मग जेफरीज कोण ठरला असता? दुसऱ्याच्या घरातील भांडण चवीने पाहणारा, एका निरपराध माणसाला मनातल्या मनात फाशी देणारा, आपल्या वाग्दत्त वधूसारख्या असलेल्या मैत्रिणीला परक्या दारी चोरून चिठ्ठी टाकायला पाठविणारा एक रिकामटेकडा मनुष्य! त्याची कृती दोन्ही प्रसंगी तीच आहे. फरक केवळ परिणामाचा आहे, आणि परिणाम त्याच्या हाती नव्हता. सोडतीत बक्षीस लागले म्हणून जुगार हा सद्गुण होत नाही.

ही गोष्ट हिचकॉक यांना पक्की ठाऊक होती, असे मला वाटते. चित्रपटात एक प्रसंग असा आहे: पोलीसखात्यातील मित्र येऊन सांगतो, की बेपत्ता मानलेली स्त्री सुखरूप आहे, तिला आगगाडीत बसताना लोकांनी पाहिले आहे. एका शेजारणीचा प्राण वाचला असे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. परंतु जेफरीज आणि लिझा यांचे चेहरे उतरतात! खून झाला नाही याचे त्यांना दुःख होते. लिझाला स्वतःलाच त्याची लाज वाटते आणि ती तसे बोलूनही दाखविते. माझ्या मते चित्रपटाचा आत्मा या प्रसंगात आहे. संशयाने पाहणारा मनुष्य शेजाऱ्याचे वाईट व्हावे अशी नकळत वाट पाहू लागतो. आमच्या मंडळींना खुनी सापडल्याचे स्मरण राहिले; हे उतरलेले चेहरे मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

हिचकॉक जन्माने कॅथोलिक होते आणि लंडनमधील संत इग्नेशियस विद्यालयात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले होते. 'रिअर विंडो'च्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचा 'आय कन्फेस' प्रदर्शित झाला. त्यात खुनी मनुष्य एका तरुण धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो. पुढे संशय त्या धर्मगुरूवरच येतो, त्याच्यावर खटला चालतो, लोक त्याची हेटाळणी करतात. सत्य त्याला ठाऊक असते, परंतु पापनिवेदनाच्या गुप्ततेचे बंधन तो मोडीत नाही. हे दोन चित्रपट शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. एकात सर्व काही जाणणारा मनुष्य मौन पाळतो. दुसऱ्यात काहीच निश्चित न जाणणारा मनुष्य सर्वांना सांगत सुटतो. दुसऱ्याविषयीचे ज्ञान ही ठेव आहे, लूट नव्हे, हे पहिल्याला कळले आहे. आपण मात्र कौतुक करतो ते दुसऱ्याचे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवरणात तीन वेगवेगळ्या अपराधांचा उल्लेख आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा मानला, तरी तो अविचारी निवाडा होय. एखाद्याचा दोष खरा असूनही योग्य कारणाशिवाय तो इतरांना सांगणे ही परनिंदा होय. आणि असत्य सांगून कोणाचे नाव बदनाम करणे हा मिथ्यारोप होय. यांतला तिसरा अपराध आपण सारेच पाप मानतो. दुसऱ्याला आपण 'मी खोटं थोडंच बोललो?' असे म्हणून माफ करून टाकतो. आणि पहिल्याची तर आपल्याला दखलही नसते, कारण तो बंद ओठांआड घडतो. याच विवरणात संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातील शिकवणीचा आधार घेतला आहे, ती अशी, की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती मनुष्याने तत्पर असावे. आणि अर्थ लागत नसेल, तर त्यालाच विचारावे. ज्या संताच्या नावाच्या शाळेत हिचकॉक शिकले, त्याचीच ही शिकवण. जेफरीज सारे काही करतो. दुर्बीण रोखतो, निनावी चिठ्ठी पाठवितो, खोटा दूरध्वनी करून विक्रेत्याला घराबाहेर काढतो. विचारण्याचे तेवढे त्याला सुचत नाही.

कोणी म्हणेल, खुन्याला विचारायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे. खुन्याला विचारू नये, पोलिसांना कळवावे. परंतु त्या अंगणात केवळ खुनीच राहत नव्हता. तळमजल्यावर एक एकाकी स्त्री होती. ती दोघांसाठी मेज मांडते, नसलेल्या पाहुण्याचे स्वागत करते आणि मग रडत बसते. जेफरीज हे अनेक रात्री पाहतो, तिला गमतीचे टोपणनावही देतो. पुढे ती झोपेच्या गोळ्या काढते, तेही त्याला आणि परिचारिकेला दिसते. परंतु त्यांचे डोळे वरच्या मजल्यावरील खुन्याच्या शोधात गुंतलेले! शेवटच्या क्षणी परिचारिकेला भान येते, जेफरीज पोलिसांना दूरध्वनी लावू लागतो, पण त्या स्त्रीला वाचविते ते शेजारच्या संगीतकाराच्या खोलीतून ऐकू आलेले गाणे. आणि तो लावलेला दूरध्वनीही अखेर लिझाच्या सुटकेसाठी वापरला जातो. त्या संगीतकाराने खिडकीतून कोणावर पाळत ठेवली नव्हती. तो आपले काम मन लावून करीत होता, एवढेच. सबंध चित्रपटात जिवंत माणसाचा प्राण वाचविणारा शेजारी कोण, असे मला विचाराल तर मी त्याचे नाव घेईन.

एका जोडप्याचा लाडका कुत्रा कोणी तरी मारून टाकतो, तेव्हा त्याची मालकीण सज्जात उभी राहून साऱ्या अंगणाला जाब विचारते. शेजारी या शब्दाचा अर्थ तुम्हांला कळतो का, एकमेकांच्या जगण्यामरण्याची कोणाला पर्वा आहे का, असा तिचा आक्रोश असतो. बहुतेक सगळे खिडकीशी येतात. क्षणभर ऐकतात. आणि परत आत जातात. इतक्या खिडक्या, इतके डोळे, आणि शेजारी मात्र एकही नाही!

आता कुंडलकडे येतो. आमच्या गावाला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. स्वातंत्र्यापूर्वी कुंडल हे औंध संस्थानातील गाव होते. १९४२ च्या चळवळीनंतर तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे कुंडल हे महत्त्वाचे केंद्र होते. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड याच गावचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविण्यात आली, त्यातही कुंडलचे तरुण पुढे होते. नाना पाटील सुमारे चार वर्षे भूमिगत राहिले आणि १९४६ मध्ये उघडपणे लोकांसमोर आले. इतकी वर्षे ते पकडले गेले नाहीत, याला त्यांचे धैर्य कारण होते, संस्थानी हद्दीचाही उपयोग झाला; परंतु मुख्य कारण वेगळेच होते. खेड्यात काय लपून राहते? कोणाच्या चुलीवर आज दोन भाकऱ्या जास्त पडल्या, कोणाच्या परड्यात रात्री कुत्रे का भुंकले नाही, कोणाच्या माळ्यावर पाहुणा निजला आहे, हे शेजारणीला पहाटेच कळत असे. सारे पाहत होते. आणि पाहणारे गप्प राहिले. त्या मौनावर प्रतिसरकार उभे होते.

याच काळात दुसऱ्या प्रकारचे पाहणारेही होते. त्यांना खबरे म्हणत. शेजाऱ्याच्या घरातील पाहुण्याची बातमी ते फौजदाराला पोहोचवीत, कधी पैशासाठी, कधी जुन्या भाऊबंदकीचा सूड उगविण्यासाठी. अशा लोकांच्या तळपायांवर काठ्यांचा मार देण्याची शिक्षा होती. प्रतिसरकारचे 'पत्री सरकार' हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव अशा शिक्षांशीच जोडले जाते. त्या शिक्षेच्या रीतीचे समर्थन करणे ख्रिस्ती म्हणून मला जमणार नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. खिडकी तीच, डोळे तेच, दिसलेला पाहुणाही तोच. एकाच्या दृष्टीने तो आपला होता, दुसऱ्याच्या दृष्टीने तो माल होता. गावाने पहिल्याला शेजारी म्हटले आणि दुसऱ्याला खबऱ्या म्हटले. ज्या गावाने हा भेद जगून दाखविला, त्याच गावच्या परिसरात आज 'जागरूक शेजारी' या नावाखाली आपण खबऱ्याचे कौतुक करू लागलो आहोत!

अतिशयोक्ती वाटते? मग आमच्याच सांगली जिल्ह्यातील उदाहरण पाहा. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातील लवंगा या गावी उत्तर प्रदेशातील चार साधूंना जमावाने गाडीतून खेचून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारले. त्यांचा अपराध एवढाच, की पंढरपूरकडे जाताना त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा संशय कोणाला तरी आला, आणि जागरूक मंडळी धावली. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच साधू निघाले. ते जिवंत राहिले हे आपले सर्वांचे भाग्य. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे पाच जणांना ते भाग्य लाभले नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे हे भटके लोक. बाजाराच्या दिवशी त्यांच्यातील एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अफवांनी मने आधीच पेटलेली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचांना मारून टाकण्यात आले. मारणाऱ्यांतील अनेकांना आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत, असेच वाटत असणार. जेफरीजलाही तसेच वाटत होते. त्याला लागलेली सोडत यांना लागली नाही, इतकाच फरक.

आता माझ्याविषयी. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांवर गावोगाव कशी नजर ठेवली जात होती, ते वाचकांना स्मरत असेल. आमच्या गल्लीत एक वृद्ध विधवा एकट्या राहत. सारे त्यांना आक्का म्हणत. एका रात्री उशिरा त्यांच्या दारात कोणी तरी उतरलेले मला माझ्या मागच्या खिडकीतून दिसले. पाठीवर पिशवी, तोंडाला फडके. मुंबईला कामाला असलेला त्यांचा मुलगाच तो. मी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकविले होते; म्हणून खरे तेच मी भ्रमणध्वनीवरील गल्लीच्या गटात लिहिले: 'आक्कांकडे मुंबईहून कोणी आले आहे. सर्वांनी काळजी घ्यावी.' त्यात एकही शब्द असत्य नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याने त्यांच्याकडे जाणे बंद केले. नळावर त्यांच्यासाठी कोणी घागर भरीना. पोरे दारावरून पळत जाऊ लागली. आम्ही सारे आपापल्या खिडक्यांतून त्या दाराकडे पाहत होतो. मुलगा बाहेर पडतो का, खोकतो का. असे दहाबारा दिवस गेले. पुढे कळले, की मुलगा आजारी नव्हताच. आक्का न्हाणीघरात पडून त्यांच्या कमरेला जबर मार लागला होता, आणि दोन दिवस त्या तशाच पडून होत्या, म्हणून तो मिळेल त्या वाहनाने आला होता. ते दोन दिवस आम्हांपैकी एकालाही त्यांची चूल पेटली नसल्याचे दिसले नाही. परगावचा माणूस उतरला हे मात्र रात्री अकराला, अंधारात, मला स्पष्ट दिसले.

निर्बंध उठल्यावर मी क्षमा मागायला गेलो. आक्का खाटेवर होत्या. मी काही बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "सर, तुमचं दार काय लांब न्हवतं." एवढेच. मग मुलाला त्यांनी मला चहा करायला सांगितले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. मी पापनिवेदन केले आहे आणि क्षमेवर माझा विश्वास आहे. परंतु 'जागरूक शेजारी' हे शब्द ऐकले, की मला ती खाट दिसते. त्या रात्री स्नेहभोजनात मी गप्प राहिलो, याचे खरे कारण यजमानांचा मान हे नव्हते, हे होते.

याउलट एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो मी टाळणार नाही. भिंतीपलीकडे स्त्रीला मारहाण होत असेल, एखाद्या बालकावर अत्याचार होत असेल, तर 'त्यांचे ते बघून घेतील' म्हणून पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. तसे करणे हेही पापच. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याप्रमाणे कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत २०१२ चा कायदा तर माहिती देणे बंधनकारक करतो. आणि आपण कॅथोलिकांनी हेही मान्य केले पाहिजे, की बालकांवरील अत्याचार झाकून ठेवून ख्रिस्तसभेतील जबाबदार मंडळींनी अनेक देशांत घोर अपराध केला. पोप फ्रान्सिस यांना २०१९ साली खास फर्मान काढून धर्मगुरू व व्रतस्थांवर असे प्रकार वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घालावे लागले, ते उगीच नव्हे. पापनिवेदनाची गुप्तता वेगळी आणि संस्थेची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन वेगळे. पहिले दुबळ्याच्या विश्वासाचे रक्षण करते. दुसरे बलवानाच्या अपराधाचे.

तेव्हा पाहावे की पाहू नये, हा वादच नाही. दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या त्या मनुष्याला याजकाने पाहिले, लेव्यानेही पाहिले, आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघे सारखेच. दोघे पाहून दुसऱ्या बाजूने गेले; तिसरा पाहून जवळ गेला. प्रभू येशूने शेजारी ठरविला तो या अंतरावरून. जेफरीजचे सारे कसब हे अंतर राखण्याचे आहे. त्याची दुर्बीण दूरचे जवळ आणते, पण त्याला स्वतःला कोणाच्या जवळ नेत नाही. म्हणून शेवटी खुनीच त्याच्या दारी येतो आणि तुला माझ्याकडून हवे तरी काय, असे विचारतो. जेफरीजपाशी उत्तर नसते. तो केवळ त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचे झोत टाकीत राहतो.

माझे मित्र म्हणतील, हे सारे आदर्श आहे, व्यवहारात गुन्हेगाराला धाक हवाच. त्यांना मी आपल्याच मुलखातील उदाहरण देतो. ज्या औंध संस्थानात कुंडल होते, त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची ती कल्पना. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तटबंदीशिवाय ठेवायचे, शेती करू द्यायची, त्यांच्यावर विश्वास टाकायचा. या प्रयोगावरूनच ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' निर्माण केला. सहा खुनी आणि त्यांना ओसाड माळावर घेऊन जाणारा एक कारागृह अधिकारी. त्याच्यापाशी शस्त्र नाही, आहेत ते केवळ दोन डोळे. पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांचा ते डोळे पाठलाग करतात, आणि कैदी परत येतात. कारण त्या डोळ्यांत त्यांनी केलेल्या खुनांचा हिशेब नसतो. ते कोण होऊ शकतात याची अपेक्षा असते. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही. जगभरच्या कॅथोलिकांनी आटपाडीच्या माळावरील त्या दृष्टीचा गौरव केला. आपण मात्र आपल्या घरी बसून न्यूयॉर्कच्या दुर्बिणीचे गोडवे गातो!

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मराठी मनुष्य ख्रिस्ती असो वा नसो, लहानपणापासून ऐकतो. कॅमेऱ्याला मुळात डोळाच नाही. त्यामुळे त्याला स्वतःचे मुसळ काढण्याची सोय नाही. तो फक्त कुसळे जमा करतो. आपल्या दाराचे, गोठ्याचे, गाडीचे रक्षण करण्यासाठी कोणी कॅमेरा लावला, तर माझी तक्रार नाही. परंतु समोरच्या तीन घरांची दारे ज्याला दिसतात, त्या कॅमेऱ्याचे तोंड वळवावे, अशी माझी त्या मित्राला या पानांवरून जाहीर विनंती आहे. आणि गल्लीच्या गटात शेजाऱ्याविषयी काही लिहिण्यापूर्वी ते त्याच्या दारी जाऊन त्याच्यापाशी बोलता येईल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. बोलता येत असेल तर लिहिण्याची गरज उरत नाही. भीतीपोटी बोलता येत नसेल आणि आत कोणाचा जीव धोक्यात असेल, तर गटात लिहू नये, ११२ वर पोलिसांना किंवा १०९८ वर बालकांच्या मदत केंद्राला कळवावे. या दोहोंत न बसणारे जे काही उरते, ते आपले कुतूहल असते. त्याची शेजाऱ्याला गरज नाही.

पुढच्या सुटीत आमची कुटुंबे पुन्हा जमतील. तेव्हा 'दो आँखें बारह हाथ' लावावा, असे मी सुचविणार आहे. आणि जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दारी एक ताट पोहोचवून यावे. दार फार लांब नसते.